संकल्प सोडून केलेला कट

पितृपक्ष आला की मला आनंद होतो. हे वाक्य चारचौघांत बोलायची सोय नाही, म्हणून लिहून टाकते.

दिल्लीत भाद्रपद कधी आला नि कधी गेला, पत्ता लागत नाही. मला तो लोकांच्या थांबण्यातून कळतो. शेजारचे नव्या गाडीची चावी घ्यायला जात नाहीत, फ्लॅटच्या व्यवहारावर कुणी सही करत नाही, कापडाच्या दुकानातले नोकर दारात उभे राहून जांभया देतात. आमच्या ऑफिसातला निशांत, माझ्या हाताखालचा तरुण वकील, मोठा आधुनिक मुलगा, पण तोही परवा फोनवर कुणाला तरी सांगत होता, "अभी नहीं यार, अभी पितरपख चल रहा है." मी खिडकीबाहेर बघितलं. आभाळ धुतलेल्या पितळेसारखं झालं होतं. आणि मला भूक लागली. साधी नव्हे. भरड्याचे वडे, तांदळाची दाट खीर, आमसुलाची चटणी, वर आल्याचा झणका असलेली कढी, अशी भूक.

जगाचा पितृपक्ष तो आमची दिवाळी होती. मी बनारसच्या रामघाटावरची. आमच्या गल्लीत सगळी मराठी घरं, त्यातली बरीचशी उपाध्यांची. नागपूर, नांदेड, सातारा, कुठकुठून यात्रेकरू यायचे, आपापल्या उपाध्यांकडे उतरायचे, मणिकर्णिकेवर आणि इतर घाटांवर पितरांचं करायचे, आणि दुपारी उपाध्यांच्या माडीवर पानं मांडली जायची. ती पानं ज्यांच्या हातांनी भरायची त्या बायका म्हणजे स्वयंपाकिणी. माझी आई त्यांतली एक. बाबा यात्रेकरूंना दर्भ, तीळ, पिंडाचं पीठ असं साहित्य पुरवायचे. वर्षभर हातावर पोट. पितृपक्षात मात्र गल्लीच्या तोंडापासून घाटापर्यंत नुसती माणसं. गंगा नुकतीच उतरलेली असायची. पायऱ्यांवर पुराचा गाळ, तो धुवायला पंप लावलेले, पलीकडच्या वाळूवर काशाचं पांढरं गवत फुललेलं, आणि गल्लीत गाईंच्या, म्हाताऱ्यांच्या आणि सायकलींच्या मधून वाट काढणाऱ्या नऊवारी लुगड्यांतल्या बायका विचारत सुटलेल्या, "अहो बाळ, दामू उपाध्यांचं घर कुठंय हो?" कुणीतरी बनारसी पोरगं मराठीत सांगायचं, "सीधे जाओ मावशी, मग डावीकडे." माणसं मेलेल्यांसाठी यायची आणि गल्ली जिवंत व्हायची. मला त्यात काही विसंगत वाटत नसे. अजूनही वाटत नाही.

*

मी कशाचं काम करते ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं लागणार नाही. व्यापारी आपसात ठरवून भाव एकच ठेवतात, गिऱ्हाईकं वाटून घेतात, एकमेकांच्या वाटेला जायचं नाही असा छुपा करार करतात. त्याला कायद्यात कार्टेल म्हणतात. माझी आई त्याला गुळपीठ म्हणते. मी अशा गुळपीठांच्या चौकशांमध्ये वकिली करते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेलं माझ्याआधी कुणी नव्हतं. हे मी जिथे तिथे सांगते. निशांतला वाटतं मॅडम जरा जास्तच सांगतात. सांगणारच. फुकट मिळालेलं नाही ते.

या कामात अलीकडे फार गमती झाल्यात. पूर्वी चौकशी करणारे पत्र पाठवून उत्तराची वाट बघत बसायचे, आता पहाटे थेट दारात उभे राहतात. पूर्वी माणसं हॉटेलात जमून भाव ठरवायची, आता मोबाइलवरच्या ग्रुपात ठरवतात आणि मग घाबरून ग्रुप पुसतात. कुठे कुठे तर भाव ठरवायचं काम यंत्रावरच सोपवलंय. माणसं म्हणतात, आम्ही बोललोच नाही, आमची गणितंच एकमेकांशी बोलली असतील. आणि आता जगभर एक नवं प्रकरण पुढे आलंय. कंपन्या आपसात ठरवतात की तुझा माणूस मी फोडणार नाही, माझा तू फोडू नकोस. माल नव्हे, माणसं वाटून घ्यायची. गेल्या महिन्यात निशांतने मला हे मोठ्या उत्साहाने समजावलं. बोर्डावर बाण काढून. "मॅडम, एकदम नया ट्रेंड है."

मी हसू लागले. थांबेचना. तो बिचारा स्वतःच्या शर्टावर काही सांडलंय का बघू लागला.

*

दामूकाका उपाध्ये वाईट नव्हते. हे आधी लिहिते, कारण कार्टेलवाले वाईट असतात असा लोकांचा समज असतो. तसे ते नसतात. ते एकमेकांच्या घरच्या लग्नाला जातात, आजारपणात डबा पोचवतात, आणि म्हणूनच त्यांचं जमतं. दामूकाका आवाजाने मोठे, पोटाने मोठे, मनानेही तसे बरे. त्यांच्याकडे आई मी लहान असल्यापासून स्वयंपाकाला होती. घर मोठं, नावाजलेलं. फक्त स्वयंपाकघराला खिडकी नव्हती.

खिडकी नव्हती म्हणजे काय, ते गॅसवर स्वयंपाक करणाऱ्याला कळायचं नाही. सोवळ्यातला स्वयंपाक, म्हणजे ओलं लुगडं आणि लाकडाची चूल. चारी बाजूंनी दगडी भिंती. धूर वर झरोक्यातून जायचा म्हणे. जायचा तेव्हा जायचा. पितृपक्षात तिथे सकाळपासून चार चुली पेटत. आई दुपारी बाहेर आली की डोळे असे लाल की अनोळखी यात्रेकरीण विचारायची, "घरात कुणाचं आहे का हो आज?" आई म्हणायची, "नाही हो, तुमच्याच सासऱ्यांचं."

विनोदी बाई. पण एकदा हळदीकुंकवाला ती दुसऱ्या एका उपाध्यांच्या, नानाकाकांच्या घरी गेली. संकठा घाटाच्या वरच्या अंगाला त्यांचं घर. आणि तिथे तिने ते स्वयंपाकघर पाहिलं. चुलीच्या डाव्या हाताला हातभर रुंद खिडकी, आणि खिडकीत पूर्ण गंगा. घरी आली ती लुगड्याची घडी न करता तशीच बसली.

"सुमे," मला म्हणाली, "पीठ मळता मळता नाव दिसते गं. बसल्या जागी. मान पण वळवायला नको."

मग महिनाभर तेच. आमटीला फोडणी देताना, नळावर रांगेत, झोपायला अंथरूण घालताना. नानांकडची खिडकी. मी आईला आयुष्यात काही मागताना पाहिलेलं नव्हतं. दागिना नाही, पातळ नाही. तिला ती खिडकी हवी होती. नुसती हवी होती असं नाही, ती त्या खिडकीच्या प्रेमात पडली होती.

शेवटी ती नानाकाकूंकडे गेली आणि सरळ विचारलं, "मला ठेवता का?"

नानाकाकूंनी तिचे दोन्ही हात धरले. "अहो, तुमच्यासारखी मिळाली तर मी साखर वाटीन. आमची गोदाबाई मुलाकडे पुण्याला चाललीय, जागा पण आहे. पण ह्यांना मना आहे हो."

"मना? कुणी केली?"

"सगळ्यांनी. त्यांचं ठरलंय ना!"

*

ठरलं होतं, आणि कसं ठरलं होतं ते सगळ्यांना माहीत होतं. याच्याइतकं उघड गुपित मी नंतरच्या इतक्या वर्षांच्या वकिलीत पाहिलेलं नाही.

आमच्या गल्लीत सगळ्यांचा मिळून एक गणपती बसायचा. अनंत चतुर्दशीला विसर्जन, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी उपाध्यांची मोठी पंगत. समोर पितृपक्षाचा हंगाम. तेव्हा तिथेच हंगामाच्या गोष्टी व्हायच्या. काही वर्षांपूर्वी एकाने दुसऱ्याची स्वयंपाकीण जास्त देऊन फोडली होती, त्यावरून भर घाटावर हमरीतुमरी झाली होती. तसं पुन्हा नको म्हणून त्यांनी करार केला. एकाच्या घरची स्वयंपाकीण दुसऱ्याने घ्यायची नाही आणि सगळ्यांनी सारखंच द्यायचं. ज्या बायकांबद्दल हे चाललं होतं त्या तेव्हा त्यांना जिलबी वाढत होत्या. आईने तर आग्रहसुद्धा केला होता. "दामूकाका, घ्या अजून एक, बोलून घसा सुकला असेल."

इथवर कुठलंही गाव असंच वागेल. पण पुढचं फक्त रामघाटावरच होऊ शकतं. नुसत्या तोंडी शब्दावर उपाध्यांचा उपाध्यावर विश्वास बसेना. तेव्हा दामूकाकांनी गंगेचं पाणी मागवलं आणि सगळ्यांनी हातावर पाणी घेऊन रीतसर संकल्प सोडला. संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार, नक्षत्र. भागीरथीच्या कुठल्या तीरावर बसलोय ते. मग प्रत्येकाने आपलं गोत्र आणि नाव उच्चारलं, आणि मग कट केला. दरवर्षी तोच संकल्प नव्याने.

आज लोक एक शब्द मागे राहू नये म्हणून धडपडतात, फोन बदलतात, टोपणनावं घेतात. आमच्या लोकांनी नक्षत्रासकट कबुली दिली होती, तीही साक्षीदार बायकांच्या हातची जिलबी खात.

*

त्या वर्षी मी बी.कॉम. होऊन वकिलीच्या पहिल्या वर्षाला बसले होते. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकातली ती वर्षं. पेपरात रोज नवं धोरण, खुला बाजार, परदेशी कंपन्या. गोदौलियाच्या चौकात एका रात्रीत नव्या थंड पेयाची पाटी लागायची आणि जुना लस्सीवाला तिच्याकडे बघून पच्चकन पान थुंकायचा. मक्तेदारी रोखायचा एक जुना कायदा होता, तो आम्हाला मिश्रा सर शिकवत. वर्गात मुली चार. मी पहिल्या बाकावर, कारण मागे बसलं की उंच मुलांच्या डोक्यांआडून फळा दिसायचा नाही.

सर वाचून दाखवत होते: भाव ठरवणारे करार, गिऱ्हाईक वाटून घेणारे करार, अमक्याशीच व्यवहार करायचा असं बांधून घेणारे करार. माझ्या डोळ्यांसमोर जिलबी उभी राहिली. मी उठले.

"सर, अगर कुछ लोग मिलकर तय कर लें कि एक-दूसरे की रसोइया नहीं रखेंगे, तो?"

मागे हसाहशी झाली. कुणीतरी म्हणालं, "खाना बनाने का पेपर अलग है!"

सरांनी चष्मा काढून पुसला. "प्रश्न अच्छा है. माताजी रसोई करती हैं?"

"जी." मी मान वर ठेवूनच म्हटलं.

"तो सुनो. घर की निजी नौकरी इस कानून में सेवा ही नहीं मानी गई. साबुनवाले मिल जाएँ तो पकड़ेंगे. रसोई का मामला हो तो कानून हाथ जोड़ लेगा. कानून अभी चौके तक पहुँचा नहीं है, बिटिया."

मी खाली बसले. हिरमुसले नव्हते, चिडले होते. कायदा चौक्यापर्यंत, स्वयंपाकघरापर्यंत, पोचला नाही म्हणजे काय? दारापर्यंत आलाय ना? मग दोन पावलं आणखी यायला त्याला काय पायात गोळे येतात? घरी येऊन बाबांना सांगितलं तर ते दर्भाच्या जुड्या बांधत म्हणाले, "बखेडा नको गं. दामूकाकांकडून माझंही साहित्य जातं." आई तांदूळ निवडत होती. मग हळूच म्हणाली, "कायद्याचं जाऊ दे. संकल्पाचं कोण बघतं, ते बघ."

आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. नुसतं बोलून ठरवलं असतं तर त्यांचं कुणाला काही करता आलं नसतं. त्यांनी संकल्प सोडला होता. म्हणजे मामला गुरुजींच्या हद्दीत आला होता.

*

गुरुजी म्हणजे आमच्या वेदपाठशाळेचे घनपाठी. उभ्या घाटावर प्रायश्चित्ताचा निर्णय त्यांनी द्यायचा आणि बाकीच्यांनी मान खाली घालायची, अशी रीत. परान्न घेत नसत, त्यामुळे गणपतीच्या पंगतीला कधी नव्हतेच. मी गेले तेव्हा ते पाठशाळेच्या गच्चीवर पोथ्यांना ऊन दाखवत बसले होते. पावसाळ्याची ओल काढायची तर ऊन हवं, आणि ऊन दाखवायचं तर माकडं हाकायला काठी हवी. काठी त्यांनी माझ्या हातात दिली.

"वकीलसाहेब, माकडं सांभाळा. बोला."

मी नावं न घेता प्रश्न मांडला. समजा काही माणसांनी गंगाजल हातात घेऊन अमुक एक करणार नाही असा संकल्प केला. आता त्यांतल्या एकाला तो मोडायचाय. पाप लागेल का?

"संकल्प कुणाच्या भल्याचा?"

"त्यांच्या स्वतःच्या."

"आणि तोटा कुणाचा?"

"काही बायकांचा."

"त्या होत्या तिथे?"

"वाढत होत्या."

गुरुजींनी डोळे मिटले. मला वाटलं शास्त्र आठवताहेत. तर ते हसत होते, आवाज न करता, पोट हलवत. एक माकड कठड्यावर येऊन बसलं, मी काठी आपटली.

"हे बघ," ते म्हणाले, "दुसऱ्याच्या ताटातलं काढून घेईन असा संकल्प होत नाही. गंगा काय असल्या कामाला साक्ष राहणार? तो मोडण्यात पाप नाही. सोडण्यात होतं. प्रायश्चित्त आहे."

"सगळ्यांना सारखं?"

ते थबकले. मला वाटतं, त्यांना तिथे, त्या उन्हात, मजा यायला लागली होती.

"सारखं कसं? पाप स्वतः बोलून दाखवलं की हलकं होतं. जो आपणहून पहिला येईल, त्याला एक वेळ उपास, बस्स. जो त्याच्यामागून येईल त्याला तीन दिवस. आणि जो दुसऱ्याने नाव घेतल्यावर येईल..." त्यांनी एका पोथीवरची धूळ फुंकली. "त्याला चांद्रायण."

चांद्रायण म्हणजे महिनाभराचं व्रत. चंद्र घटेल तसा घास घटवत न्यायचा, अवसेला काहीच नाही, मग पुन्हा वाढवायचा. आणि हे पितृपक्षात! जेव्हा उपाध्यांच्या घरी रोज खीर, रोज वडे, आणि यजमानाच्या पंगतीला स्वतः बसलं नाही तर यजमान नाराज. दामूकाका, आणि अवसेला निराहार. माझ्या हातातली काठी पडली. माकडाने एका पोथीचं फडकं पळवलं. गुरुजी म्हणाले, "जाऊ दे, फडकंच नेलं. जा, आईला सांग मी काय म्हणालो ते."

आईने दुसरं काही केलं नाही. सकाळी नळावर सांगितलं. एवढंच.

आता ऑफिसात निशांत मला समजावतो की गुळपीठ फोडायचं सर्वांत धारदार हत्यार म्हणजे सूट. जो पहिला येऊन कबूल करेल त्याचा दंड माफ, दुसऱ्याला थोडी सवलत, बाकीच्यांना पुरता हिसका. त्यामुळे एकमेकांवर विश्वास ठेवणारी माणसं एकमेकांआधी दार गाठायला धावतात. "किसने सोचा होगा मॅडम, जीनियस था." मी म्हणते, असेल कुणीतरी. परदेशातला.

*

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता पाठशाळेच्या दारात जे झालं ते मी समोरच्या आमच्या ओट्यावरून पाहिलं. दात घासत होते, ते तसेच राहिले.

पहिले आले नानाकाका. सोवळं नेसलेलं, पायात काही नाही, पायऱ्यांवरच्या गाळाने पोटऱ्यांपर्यंत माखलेले. घाटाच्या बाजूने आले होते, गल्लीतून कुणी बघू नये म्हणून. ते दाराची कडी वाजवतात तोच गल्लीतून आणखी एक उपाध्ये, आणि त्यांच्या पाठोपाठ तिसरे.

"मी आधी!"

"तुम्ही घाटावरून आलात. ती वाट मागची!"

"कडी कुणी वाजवली? कडी!"

"रात्रीच येणार होतो, हिचा गुडघा धरला म्हणून..."

"काकूंचा गुडघा आणि तुमचं पाप, संबंध काय हो?"

दूधवाला कावड खाली ठेवून उभा राहिला. "का गुरू, राशन बँटत बा का?" त्याने विचारलं. गुरुजींनी दार उघडलं, तिघांकडे पाहिलं, आणि नानाकाकांच्या पायांवरचा गाळ दाखवून म्हणाले, "हे पहिले. वाट वाकडी करून आलेत, तळमळ दिसते." दोघे आत गेले. आणि ओट्यावरून मला स्पष्ट ऐकू आलं: नानाकाकांनी आपल्या प्रायश्चित्ताच्या कबुलीत बाकी सगळ्यांची नावं घेतली. गोत्रासकट.

दामूकाकांना हे कळलं तेव्हा ते पलंगावर चहा पीत होते, असं म्हणतात. म्हणतात, त्यांनी बशी खाली ठेवली आणि विचारलं, "अमावास्येला काहीच नाही? कढीसुद्धा नाही?"

*

मग हंगामभर आमच्या गल्लीने जे अनुभवलं त्याला आता मी शहाण्या शब्दांत स्पर्धा म्हणते. तेव्हा ती जत्रा होती. सकाळी उठावं तो कुणीतरी उपाध्ये कुठल्यातरी स्वयंपाकिणीच्या दारात उभा. एकाने जास्त बिदागी कबूल केली. दुसऱ्याने धुण्याला वेगळी बाई देईन म्हटलं. तिसऱ्याने एकादशीला सुटी. ज्या बायकांना कुणी आजवर "बसा" म्हटलं नव्हतं त्या आपल्याच ओट्यावर बसून पाय हलवत विचारायच्या, "आणि पंखा?"

दामूकाकाही आमच्याकडे आले. चांद्रायण सुरू झालेलं, आवाज अर्धा झालेला. गुरुजींनी थोडी दया दाखवून त्यांना घासाबरोबर दूध घ्यायची परवानगी दिली होती.

"वहिनी, काय हवं ते बोला. इतक्या वर्षांचं घर आहे."

आई म्हणाली, "खिडकी."

"पितृपक्षात भिंत फोडू? या पंधरवड्यात कुणी खिळा ठोकत नाही हो!"

"मग गवंडी रिकामेच असतील," आई म्हणाली.

आणि ते होतेच. पितृपक्षात नवं बांधकाम कुणी काढत नाही, म्हणून शहरभरचे राजमिस्त्री विडी ओढत बसलेले. दामूकाकांनी दोघांना बोलावलं. ते बघून पुढच्या घराने बोलावलं. मग त्यांच्या पुढच्या. तीर्थक्षेत्रातल्या उपाध्यांच्या घरांत, ऐन महालयात, घणाचे घाव पडू लागले. खाली पिंडांवर तीळ, वर भिंतीतून दगडाची धूळ. सांगलीच्या एका यात्रेकरूने घाबरून विचारलं, "काका, हा आवाज कसला?" दामूकाका म्हणाले, "पितर येतायत. वाट करतोय." त्या बिचाऱ्याने हात जोडले.

आई ती खिडकी बघायला गेली. मीही गेले. भिंतीत चांगलं प्रशस्त भगदाड, वारा आत येत होता, आणि पलीकडे हातभर अंतरावर शेजारच्यांची गाय बांधलेली. गाय रवंथ करत आत बघत होती. आई खो खो हसली. दामूकाकाही, उपाशीपोटी, हसायला लागले.

"हवा उत्तम आहे, काका. पण मला नावा बघायच्यात."

"जा," ते म्हणाले. आणि मग, मला अजून आवडतं ते त्यांचं वाक्य: "जाणारीला थांबवायचं नाही, हे आधी सुचायला हवं होतं. खीर तरी खाता आली असती."

त्यांच्या स्वयंपाकघरात दुसरी बाई आली. तिला गाय आवडली. काही दिवसांनी ती गाईशी सुनेच्या तक्रारी करायला लागली.

*

कधी कधी मी विचार करते, त्या वेळी कायदा खरंच चौक्यापर्यंत आला असता तर? कुणीतरी आयोगाकडे तक्रार केली असती, तारखा पडल्या असत्या, आणि शेवटी "पुन्हा असं करू नका" असा एक कागद आला असता. आज तो चौक्याच्या बराच जवळ आलाय. माणसं वाटून घेणं हे माल वाटून घेण्याइतकंच वाईट, हे म्हणायला जग शिकतंय. मला त्याचा आनंद आहे आणि थोडा आईचा अभिमानही आहे, कारण अशा प्रकरणात मी समोरच्या वकिलाचा युक्तिवाद ऐकते, "महोदय, यात नुकसान नेमकं कुणाचं झालं?", तेव्हा उत्तर शोधायला मला पुस्तक उघडावं लागत नाही. कुणीतरी बंद खोलीत चार चुलींपुढे बसलेलं असतं. तिला कुठे जायचंय ते तिला माहीत असतं. दार उघडं असतं. आणि तरी जाता येत नाही. एवढं नुकसान पुरेसं आहे.

पण मी सांगत होते ते आनंदाचं.

नानाकाकांकडे आईचा पहिला दिवस. मी कॉलेजातून लवकर निघाले, दशाश्वमेधला आले, आणि गल्लीतून चालत जायचं सोडून नाव धरली. पूर ओसरून नावा नुकत्याच सुरू झाल्या होत्या. नावेत मी, घरी परतणारे दोन विद्यार्थी, एक भाजीवाली टोपली घेऊन, आणि जळगावकडचं एक म्हातारं जोडपं. पाणी अजून मातकट, जोर बराच. मणिकर्णिका आली तशी नाव गप्प झाली. चिता पेटलेल्या होत्या, धूर सरळ वर चाललेला. म्हातारीने डोक्यावर पदर घेतला. नावाड्यानेही वल्हं हळू मारलं. तिथे सगळेच हळू मारतात.

आणि तेवढ्यात, पुढच्या वळणावर, उंचावरून, सगळ्या गंगेला ऐकू जाईल अशा आवाजात:

"सुमेऽऽ! अगं सुमेऽऽ! दिसलीस गं!"

मी वर पाहिलं. संकठा घाटाच्या वरच्या खिडकीतून आई अर्धी बाहेर आली होती. ओलं लुगडं, कपाळावर केस चिकटलेले, हातात झारा. आयुष्यभर दुसऱ्याच्या घरात हळू बोललेली बाई. डोळे मला तिथूनही दिसले. पांढरे स्वच्छ होते.

"ब्राह्मण उठले! वर ये जेवायला!"

नावाडी हसला, त्याने वल्हं पाण्यातून काढलं आणि तोंडाभोवती हात धरून, आपणही येऊ का म्हणून ओरडला, "चाची, हमहूँ आईं का?"

आईने एकदा मागे, स्वयंपाकघरात, वळून पाहिलं. भांडी मोजली असतील, नाहीतर नानाकाकूंच्या चेहऱ्याकडे पाहिलं असेल. मग पुन्हा बाहेर वाकली आणि झारा हलवत म्हणाली, "आवा! सब जने आवा!"

नावाड्याने नाव संकठा घाटाला लावली. भाजीवालीने टोपली डोक्यावर घेतली, म्हाताऱ्याने म्हातारीला हात दिला, आणि आम्ही सगळे गाळातून पाय काढत पायऱ्या चढू लागलो.